चावीला घातलेली भर

सासूबाई दाराबाहेर चावी फिरवत होत्या आणि जावईबापू आत सोफ्यावर बसून ते ऐकत होते. उठून दार उघडलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण सासूबाईंना ते चालायचं नाही. "माझ्याकडे चावी आहे. मला कुणी हाताला धरून आत घ्यायला मी काय पाहुणी आहे," असा त्यांचा बाणा होता. त्यामुळे घर भरलेलं असलं तरी बाहेर खुडखुड चालायची, आणि आतली माणसं टीव्हीचा आवाज बारीक करून वाट बघायची.

"लागली वाटतं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"नाही. उलटी घातलीय."

"आता?"

"आता सुलटी आहे. पण फिरत नाहीये."

शेवटी दार उघडलं. सासूबाई घामाघूम होऊन आत आल्या, पण चेहरा गड जिंकल्यासारखा. "चावी झिजलीय," त्या म्हणाल्या. "मी नाही."

चावी खरंच झिजली होती. कोपऱ्यावरच्या चावीवाल्याने ती उजेडात धरली, अंगठ्याने तिचे दाते चाचपले आणि परत दिली. दाते पाडायला असल्या कोऱ्या चाव्या येणं कधीच बंद झालं, लॉकच बदला, असा त्याने सल्ला दिला.

"बदलून टाकू," बायको म्हणाली. ती एका दवाखान्यात काम करायची. दिवसभर लोकांची दुखणी ऐकल्यामुळे घरी आल्यावर ती कुठल्याही प्रश्नावर पहिला उपाय सुचवायची आणि विषय संपवायची.

"एका चावीसाठी अख्खं लॉक?" जावईबापूंना हे लागलं. "अगं, मी दिवसभर काय करतो ते विसरलीस का?"

"मी नाही विसरले. पण आईला विचारा. तिला अजून वाटतं, तुम्ही लेसरवर काम करता म्हणजे नाटकात लाइट मारता."

सासूबाईंनी हे नाकारलं नाही. "रंगीत असतात ना पण?" त्यांनी विचारलं.

तिथेच जावईबापूंनी ती चावी खिशात टाकली.

ते ज्या कारखान्यात कामाला होते तिथे झिजलेलं लोखंड यायचं आणि धडधाकट होऊन परत जायचं. मोठमोठे शाफ्ट, पंपांचे दांडे, साचे. एका नळीतून पिठासारखी बारीक पोलादाची पावडर सुटायची, मधून लेसरचा किरण यायचा, आणि जिथे दोघांची गाठ पडायची तिथे पावडर वितळून खालच्या धातूशी अशी एकजीव व्हायची की पुढे वेगळी करू म्हटलं तरी व्हायची नाही. रेघेशेजारी रेघ, थरावर थर. झिजलेल्या जागी भर घालता यायची, आणि खाली काही नसलंच तर नुसते थर चढवत चढवत अख्खा नवा भागही उभा करता यायचा. या सगळ्याला बाहेर लांबलचक इंग्रजी नाव होतं. कारखान्यात मात्र नुसतं 'भरणं' म्हणत. शाफ्ट भरला का, भरला.

त्या दिवसांत एका खाणवाल्या गिऱ्हाइकासाठी नव्या, अतिशय कठीण पावडरचे प्रयोग चालू होते. थर काचेसारखा कठीण व्हायचा आणि थंड होताना काचेसारखाच तडकायचा. साहेब रोज भिंग लावून तडे बघायचे आणि रोज एक शिवी गिळायचे. ती पावडर सासूच्या चावीसाठी घेणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं होतं. पण मशीनच्या टेबलाखाली एक ट्रे होता. काम करताना उडालेली पावडर त्यात पडायची. कठीण, मऊ, आजची, गेल्या आठवड्यातली, सगळी एकमेकींत मिसळलेली. ती पुन्हा वापरता येत नाही म्हणून भंगाराच्या पिंपात जायची. जावईबापूंनी ती गोळा केली, घरून आणलेल्या चहाच्या गाळणीतून गाळून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून चावी मशीनखाली धरली.

नाजूक काम होतं. किरण जरा जास्त थांबला असता तर चावीचा थेंब झाला असता. पण हाताला सवय होती. दात्यांवर केसासारखी बारीक भर पडली, मग त्यांनी ती दगडावर घासून बेताची केली. घासताना दगडच जास्त झिजला. तेव्हाच त्यांना शंका यायला हवी होती. त्यांना आला तो अभिमान.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी चावी लावली आणि दार उघडलं. खुडखुड नाही, घाम नाही. त्यांनी दार पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. असं बराच वेळ चाललं.

"जावईबापू," त्या शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला हे येतं आणि तुम्ही बोलला नाहीत कधी."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं वाक्य त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आलं. जावईबापूंचे कान लाल झाले.

सासूबाई कौतुक मनात ठेवणाऱ्यांपैकी नव्हत्या. संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी पसरली, की आमचे जावई झिजलेलं काहीही भरून देतात. बागेत फिरायला जाताना त्या ती चावी सोबत नेऊ लागल्या आणि बाकावर बसलेल्या बायकांना दाते चाचपून बघायला लावू लागल्या. मग वस्तू यायला लागल्या. कात्र्या आल्या, नेलकटर आलं, कुणाच्या सायकलचं दातेरी चाक आलं. एका बाईंनी टाचा झिजलेल्या चपला आणल्या. त्यांना सासूबाईंनी समजावून परत पाठवलं, पण जरा दुःखानेच. प्रत्येक वस्तूला त्या लोकरीचा रंगीत धागा बांधायच्या म्हणजे कुणाचं काय ते चुकायला नको, आणि सकाळी सगळं जावईबापूंच्या डब्याच्या पिशवीत भरून द्यायच्या.

"आई, हे कारखान्यात चालत नाही हो," जावईबापू दबक्या आवाजात म्हणाले.

"मग चावी कशी चालली?"

जावईबापूंनी पिशवी उचलली. ट्रेमधली पावडर रोज गाळली जाऊ लागली आणि जावईबापू जेवणाच्या सुट्टीत जेवेनासे झाले.

एके दिवशी साहेब अचानक मशीनपाशी आले. जावईबापूंच्या हातात झाडं कापायची मोठी कात्री होती. तिच्या एका मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि त्यावर पिवळा धागा. साहेबांनी चष्मा वर केला, कात्रीकडे बघितलं आणि निळ्या पट्टीकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"ही कुणाची?"

"गिऱ्हाइकाची आहे, साहेब." ते खोटं नव्हतं.

"कोण गिऱ्हाईक?"

"बाई आहेत कुणीतरी. त्यांचे यजमान म्हणे घरातल्या कशाला हात लावत नाहीत. कात्रीला धार लावा म्हणून त्या सांगून सांगून थकल्या, तर त्यांनी नुसती मुठीला पट्टी गुंडाळून ठेवली."

साहेबांनी कात्री हातात घेऊन दोनदा उघडमिट केली, भरलेल्या पात्यावरून बोट फिरवलं, परत दिली आणि निघून गेले. जावईबापूंना वाटलं, वाचलो.

इकडे घरी वेगळंच काही शिजत होतं.

दुपारची वेळ होती. सासूबाई दिवाणखान्यात धागे सोडवत बसल्या होत्या. दाराला चावी लागली, दार उघडलं आणि वरच्या मजल्यावरचे काका आत आले. काका बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने शांत आणि नजरेने अधू. त्यांनी बूट काढले, भाजीची पिशवी दारापाशी ठेवली आणि सोफ्यावर बसून डोळे मिटले.

"जरा चहा टाक," ते म्हणाले.

सासूबाईंना वाटलं, हे काहीतरी भरायला घेऊन आलेत. माणूस दमलेला दिसत होता. त्यांनी चहा टाकला.

"काय आणलंय?" त्यांनी कप पुढे करत विचारलं.

"भोपळा."

"भोपळ्याला नाही हो भर घालता येत."

"मग नुसताच करा," काका समजुतीने म्हणाले. आवाज आपल्या बायकोचा नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण बायकोकडचं कुणी ना कुणी घरी येतच असायचं आणि त्यांना ते कधीच आधी सांगितलं जायचं नाही. त्यामुळे त्यांनी सभ्यपणे विचारलं, "तुम्ही कधी आलात?"

"मी इथेच असते."

काकांनी चहाचा घोट घेतला. ही गोष्ट त्यांना नवी होती. "हिने काही सांगितलं नाही," ते पुटपुटले. "आणि पडदे कधी बदलले?"

"तुम्ही पडद्यांचं काय ते बोलू नका. तुमची वस्तू दाखवा."

काका थोडे सरकून बसले. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, घातला, भिंतीवरचा फोटो बघितला. फोटोत जावईबापू हसत होते. काकांनी कप हळूच टेबलावर ठेवला.

"मी दुसऱ्या मजल्यावर आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी तिसऱ्यावर राहतो."

"मग दार कसं उघडलंत?"

"चावीने."

दोघांनी बाहेर जाऊन पुन्हा करून बघितलं. काकांच्या चावीने दार उघडत होतं. सासूबाईंनी कपाटाची चावी आणली, तिनेही उघडलं. प्रवासी बॅगेची इवलीशी चावी लावली, तिनेही उघडलं. शेवटी काकांनी नुसता चमच्याचा दांडा आत घालून फिरवला आणि दार अदबीने मागे सरकलं. काकांनी उरलेला चहा संपवला, भोपळा उचलला आणि वर निघून गेले. जाताना म्हणाले, "पडदे चांगले आहेत."

संध्याकाळी जावईबापूंनी लॉक उघडून बघितलं. आतल्या पितळी पत्त्या, ज्या प्रत्येक चावीला तू कोण म्हणून विचारतात, त्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. चावी इतकी कठीण झाली होती की तिने लॉकच खाऊन टाकलं होतं.

"चूक चावीची नाही," ते बायकोला म्हणाले. "चावी उत्तम आहे. पत्त्या मऊ पडल्या."

"मग लॉक बदला."

"बदलायचं कशाला? पत्त्याही तेवढ्याच कठीण केल्या की झालं."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. दवाखान्यात एखादा माणूस औषध न घेता ताप उतरेल म्हणतो, तेव्हा ती असं बघायची. पण तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "त्यांना करू दे ना. त्यांना येतं." आणि बायको हात पुसत आत गेली.

लॉक कारखान्यात गेलं. तोपर्यंत सासूबाई दाराला खुर्ची लावून बसल्या. जावईबापूंनी या खेपेला कसर ठेवली नाही. पत्त्या तर त्यांनी पितळेवर भरल्याच नाहीत. लोखंडी पट्टीवर थरावर थर चढवत त्या नव्याच उभ्या केल्या आणि मागाहून कापून घेतल्या. मग चौकटीत जाऊन बसणारा जाड बोल्ट भरला. मग वाटलं, चोर पहिल्यांदा बाहेरच्या पट्टीलाच ड्रिल लावतो, म्हणून बाहेरची पट्टी भरली. बाहेरची भरल्यावर आतलीने काय घोडं मारलं होतं? तीही भरली. घरी आणून लॉक दारात बसवलं, आणि चोर स्क्रू उघडतात हे आठवून स्क्रूंची डोकी घासून सपाट करून टाकली.

लॉक फिरलं. इतक्या गोड आवाजात फिरलं की बायकोलाही "बरं झालं" म्हणावं लागलं. काका वरून मुद्दाम खाली येऊन आपली चावी लावून बघून गेले. दार उघडलं नाही. त्यांना जरा वाईट वाटलं.

रविवारी सकाळी साहेब आले.

जावईबापूंनी दार उघडलं आणि ते कडी धरून तसेच उभे राहिले. साहेब कधी कुणाच्या घरी जात नसत. मागून सासूबाई पुढे आल्या. "काय भरायचंय?" त्यांनी विचारलं.

"भरायचं नाही. भरलेलं न्यायचंय," साहेब म्हणाले. "पिवळा धागा. झाडं कापायची कात्री. निळी पट्टी."

"त्या बाई कुठे आहेत?"

"त्या घरी आहेत. त्या बाईंचा घरातल्या कशाला हात न लावणारा नवरा मी."

जावईबापू भिंतीला टेकले. सासूबाई मात्र आनंदल्या. "म्हणजे तुम्ही हात लावायला लागलात. बसा," असं म्हणून त्या कात्री आणायला गेल्या.

"साहेब," जावईबापू म्हणाले, "मी सांगतो ना सगळं. आपली चांगली पावडर मी चिमूटभरसुद्धा..."

"ते उद्या ऑफिसात बोलू." साहेबांचा आवाज शांत होता, म्हणजे जास्तच वाईट. बायकोने पाण्याचा पेला आणला, नवऱ्याचा चेहरा बघितला आणि पेला नवऱ्यालाच दिला.

सासूबाईंना मात्र शांतता म्हणजे कौतुकाची वेळ वाटली. त्यांनी कात्री दिली आणि लगेच दाराकडे बोट केलं. "ते लॉकसुद्धा यांनीच भरलंय. अख्खं. फिरवून बघा."

साहेब मुळात यंत्राचा माणूस. रागात असूनही त्यांचा हात लॉककडे गेला. त्यांनी दार लोटून चावी आतून एकदा फिरवली. बोल्ट चौकटीत गेला. त्यांची भुवई जराशी वर गेली. मग त्यांनी दुसऱ्यांदा फिरवली.

त्या घरात आजवर कुणी दोनदा फिरवली नव्हती. पहिल्या फेरीत बोल्ट अर्धाच बाहेर यायचा. उरलेल्या अर्ध्यावर जावईबापूंच्या हातून भर केसभर जास्त पडली होती, आणि ती कधी बाहेर येऊन बघितलीच गेली नव्हती. आता ती चौकटीत शिरली. कट्ट असा आवाज झाला. साहेबांनी चावी उलटी फिरवली. चावी हलेना. जावईबापूंनी फिरवली. बायकोने फिरवली. सासूबाईंनी फिरवली, आणि फिरवताना त्यांच्या चेहऱ्यावर जुन्या दिवसांची ओळख उमटली.

"आतून स्क्रू काढता येतील ना?" बायकोने विचारलं.

"स्क्रू होते," जावईबापू म्हणाले.

"होते म्हणजे?"

"चोर तेच काढतात म्हणून मी त्यांची डोकी घासून टाकली."

बायकोने फोन उचलून चावीवाल्याला बोलावलं.

चावीवाला आला. आवाज ऐकून वरचे काकाही खाली आले आणि दाराबाहेर उभे राहिले. "मी माझी चावी लावून बघू का?" त्यांनी बाहेरून विचारलं. त्यांच्या समाधानासाठी बघू दिली.

मग ड्रिल सुरू झालं. थोडी घरघर, एक किंचाळी, आणि शांतता.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"ड्रिलचं टोक गेलं, ताई," चावीवाला बाहेरून म्हणाला. "दुसरं लावतो."

दुसरंही गेलं. तेव्हा सोफ्यावर कात्री मांडीवर घेऊन बसलेल्या साहेबांनी मान वर केली.

"कसं गेलं?" त्यांनी विचारलं. "तुटलं की बोथट झालं?"

"आधी बोथट झालं, मग तुटलं."

"आणि पट्टीवर? ओरखडा?"

बाहेर चावीवाल्याने बोटाने पुसल्याचा आवाज झाला. "काही नाही. चकाकतंय."

साहेब उठून दाराजवळ आले. "अजून एक लावा," ते म्हणाले. "जरा जोर देऊन."

"माझ्याकडे शेवटचंच राहिलंय."

"लावा. मी भरून देईन."

शेवटचं टोक तुटलं तेव्हा साहेबांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते जावईबापूंनी कारखान्यात कधीच बघितलं नव्हतं. ते हसू होतं. साहेबांनी भिंग मागितलं. सासूबाईंनी पेपर वाचायचं आपलं भिंग दिलं. साहेब रविवारच्या कपड्यांत दारासमोर गुडघे टेकून बसले आणि आतली पट्टी इंच इंच बघत गेले.

"तडा नाही," ते शेवटी म्हणाले. एखाद्याच्या घरी बाळ झाल्याची बातमी सांगावी तशा आवाजात. "एकसुद्धा तडा नाही. कुठली पावडर आहे ही?"

जावईबापूंनी बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली, म्हणजे सांगून टाका.

"झाडलेली, साहेब."

"कुठली?"

"टेबलाखालच्या ट्रेमधली. गाळून घेतली."

"त्यात कठीण किती आणि मऊ किती?"

"ज्या दिवशी जेवढं सांडलं तेवढं."

साहेब जमिनीवरच बसले. गेले कित्येक महिने त्यांनी ज्या थरासाठी झोप घालवली होती, तो त्यांच्यासमोर होता. आणि तो कशाचा आहे हे दुनियेत कुणालाच माहीत नव्हतं. ज्याने केला त्याला तर मुळीच नाही. बाहेरून काकांनी सगळं ठीक आहे का म्हणून विचारलं.

"हे दार मला पाहिजे," साहेब म्हणाले.

"आधी यातून बाहेर पडायला पाहिजे," बायको म्हणाली.

साहेबांनी बाह्या सारल्या आणि स्क्रू ड्रायव्हर मागितला. बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या आणि तिथे अजून जावईबापूंचा हात पोचला नव्हता. साहेबांनी बिजागऱ्यांचे स्क्रू एक एक करून काढले. शेवटचा निघाला तसं दार बिजागऱ्यांच्या बाजूने आत आलं आणि भलत्याच बाजूने उघडलं. लॉकच त्याची बिजागरी झालं होतं. फटीतून काकांचं डोकं दिसलं. त्यांनी घराकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

पण दार लॉकपासून सुटेना. बोल्ट चौकटीत घट्ट बसला होता. मग चावीवाल्याने कुठूनशी करवत आणली आणि चौकटीचा तेवढा तुकडा कापला. दुपारी साहेबांच्या गाडीच्या टपावर दार, त्याला चिकटलेला चौकटीचा तुकडा, आणि मागच्या सीटवर कात्री, अशी वरात निघाली. निघताना साहेबांनी काच खाली केली.

"उद्या लवकर या," ते म्हणाले. "आणि ट्रे कुणी झाडला तर माझ्याशी गाठ आहे."

पुढचे बरेच दिवस कारखान्यात कुणी झाडू हातात घेतला नाही. जावईबापू रोज कठीण पावडरमध्ये मऊ पावडर निरनिराळ्या प्रमाणात मिसळायचे, थर द्यायचे, साहेब भिंग लावायचे. कधी थर तडकायचा, कधी इतका मऊ व्हायचा की नखाने ओरखडा उठेल. मधेच खाणवाल्या गिऱ्हाइकाचे इंजिनिअर आले. साहेबांनी त्यांना भिंतीला टेकवून ठेवलेलं दार दाखवलं. त्यांनी त्यावर आपली सगळी हत्यारं चालवून बघितली, मग एकाने विचारलं, "हे लॉक उघडतं का?"

"अजून तरी नाही," साहेब अभिमानाने म्हणाले.

अखेर एके दिवशी प्रमाण जुळलं. थर चढला, थंड झाला, आणि भिंगाखाली तडा दिसला नाही. काम मिळालं. जावईबापू नव्या प्रयोगांच्या विभागाचे प्रमुख झाले. त्यांना वेगळं टेबल मिळालं आणि हाताखाली माणसंही.

ही बातमी घेऊन ते घरी आले तेव्हा घराला नवीन दार बसलं होतं. बायकोने रजा टाकून सुताराला बोलावलं होतं आणि चावीवाल्याकडून दुकानातलं सर्वांत साधं लॉक लावून घेतलं होतं. ती नव्या चाव्या वाटत होती.

"ही आईची. ही माझी. ही वरच्या काकांकडे, अडीनडीला."

"आणि माझी?" जावईबापूंनी हात पुढे केला.

"तुम्ही आता प्रमुख झालात ना," बायको म्हणाली. "प्रमुखांना दार उघडून द्यायला माणसं असतात."

ती हे हसत म्हणाली. पण चावी दिली नाही.

तेव्हापासून जावईबापू बेल वाजवतात. दाराच्या भिंगात सासूबाईंचा डोळा येतो.

"पिशवीत काय आहे?" आतून प्रश्न येतो.

"डबा आहे, आई."

"उघडून दाखवा."

जावईबापू डबा उघडून दाखवतात. मग खिसे उलटे करून दाखवतात. जिन्यावरून जाणारी माणसं त्यांना नमस्कार करतात, कारण आता सगळ्या इमारतीला ते कोण आहेत हे माहीत आहे. मग आतून चावी फिरते. परवा ती फिरली तेव्हा जावईबापूंचे कान टवकारले. आवाज जरा खडखडला होता. आतली एखादी पत्ती सैल असावी. फार नाही. एक पातळ थर दिला की काम होईल.

दार अर्धंच उघडलं. "काय विचार करताय?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही," जावईबापू म्हणाले, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून आत गेले.